मदत हवी आहे: पाच माणसं, एकच स्वयंपाक. रोजच्या ताटात नक्की काय वाढू?

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि साडेनऊला मला कामावर जायचं असतं. त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं पातेलं चढवणं होत नाही.

आजवर नुसती वाचत होते, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर विचारल्याशिवाय राहवेना. मामांना साखर आहे, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ७.४ आली. कुठलासा व्हिडिओ बघून त्यांनी सकाळी अनशापोटी दुधी भोपळ्याचा रस सुरू केला. एका सकाळी रस कडू निघाला. औषध कडूच असतं म्हणत त्यांनी पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या आणि पोटात मुरडा सुरू झाला, अंगाला दरदरून घाम फुटला. तसंच मिरजेला नेलं, दोन दिवस सलाईनवर होते. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शिजवूनही ते जात नाही, आणि असा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. घोट कडू लागला की थुंकून टाकायचा, दुधी फेकून द्यायचा. आत्या भाजी चिरताना दुधीची चकती जिभेला लावून बघतात, त्यांच्या आईपासूनची सवय आहे ती. पण रस मामा स्वतःच मिक्सरला लावायचे, तिथे चाखायचं कुणाला सुचलं नाही. तुमच्या घरी कुणी हा रस घेत असेल तर एवढं आजच सांगा.

मामा आता बरे आहेत. पण घरात जेवणाची भीती बसली. ज्या आत्यांनी उभा जन्म भाकरी-कोरड्यास (भाकरीसोबतची भाजी) खाऊन शेतात कामं केली, त्या ताट पुढ्यात घेऊन मला विचारतात, "हे खाऊ का गं?" हा प्रश्न रोज ऐकायला फार जड जातं.

सल्ले तर चहूकडून येतात. नणंद म्हणते गहू बंद करा. जाऊबाई म्हणतात भात बंद करा. ह्यांचे मित्र दोनदाच जेवतात, शेजारच्या काकू दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकतात, आणि दोघांचंही वजन उतरलंय. साखर सोडून गूळ आणला, तर मुलगा म्हणाला आई, गूळही साखरच आहे. तेलावरून तर वादच झाला: रिफाइंड वाईट, घाण्याचं चांगलं, खोबरेल उत्तम, तूप कितीही चालतं. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन अवघं १०.२ आहे, त्याकडे बघायला कुणाला सवड नाही, मलाही नाही.

शेवटी एका रविवारी मी वही घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात २००० कॅलरीच्या दिवसासाठी असं दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहार असेल तर त्यातल्या काहींच्या जागी मांस-अंडी), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम. प्रत्येकाची गरज सारखी नसते हे कळतं, पण अंदाज यावा म्हणून मी पाच माणसांचा महिना मांडला.

तेल-तूप चार किलोच्या आसपास यायला हवं. आमच्याकडे सात किलो संपतं.

मीठ पाऊण किलो. आमच्याकडे दीड किलो, आणि लोणचं, पापड, भडंग त्याच्या बाहेर.

भाजी रोजची दोन किलो! आमची दोन्ही वेळची मिळून पाऊण किलो होते. हा आकडा बघून मी वही मिटली. इतके दिवस आम्ही चपाती की भाकरी यावर भांडत होतो आणि ताटात भाजीच नव्हती.

साखरेचं सांगायचं तर ह्यांचे चार चहा, दरेकात दोन चमचे. चमच्याला ५ ग्रॅम धरले तरी ४० ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत आली तर अधिक चांगलं. ह्यांचे ४० चहातच संपतात.

आता माझे प्रश्न. भाकरी आणि चपातीत साखरेच्या माणसाला खरंच इतका फरक पडतो का? आत्यांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यांच्यासाठी कमी सोडियमचं मीठ आणू का? मुलाला व्यायामशाळेत प्रोटीन पावडर घ्यायला सांगितलंय, ते ऐकावं का? आणि रोज एवढी भाजी कशी बसवायची, वेळेत आणि पैशातही? ज्यांनी घरात प्रत्यक्ष करून बघितलंय त्यांनी कृपया लिहा. नवीन व्हिडिओ पाठवू नका ही हात जोडून विनंती.

प्रतिसाद – माणदेशी

ताई, तुमचा हिशेब वाचून मीही तेलाच्या डब्यावर तो उघडल्याची तारीख घातली. भाकरीचं सांगतो, आमच्याकडे शाळूच (रब्बीची ज्वारी) पिकतो म्हणून. ज्वारीचं पीठ असो की चाळण न लावलेली कणीक, १०० ग्रॅमला प्रथिनं साधारण १० ग्रॅमच, आणि तंतूही दोन्हीत भरपूर. फरक पडतो तो किती खाल्ली आणि कशाबरोबर खाल्ली याचा. माझ्या वडिलांना साखर आहे. ते दोन भाकरींवरून दीडवर आले, सोबत वाटीभर मटकीची उसळ आणि परसातली पालेभाजी. पोट भरतं, कुरकुर नाही. ज्याला गव्हाचा त्रास डॉक्टरांनी तपासून सांगितलाय त्यानं गहू सोडावा, बाकीच्यांनी कशाला सोडायचा?

मुलाला पावडर नको. तुम्ही वाचलेल्या त्याच तत्त्वांत ती टाळा असं म्हटलंय. दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात, वर मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेला दूध. आमच्याकडे हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) आणि उडदाचं घुटं (घोटलेली डाळ) आठवड्यातून दोनदा होतं. नांगरट करणारी माणसं त्यावर उभी होती.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

मिठाबद्दल थांबा ताई! कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील (टेल्मिसार्टन त्यातलीच), तर रक्तात पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयाला धोक्याचं असतं. आत्यांच्या गोळीची चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यापेक्षा साधंच मीठ कमी करा. मी कणकेत आणि भाताच्या पाण्यात मीठ घालणं बंद केलं, चार दिवसांत कुणाला आठवलंही नाही.

मामांबद्दल एक काळजी. साखरेच्या काही गोळ्या घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाते. दोनदा जेवायचं की चारदा, हे त्यांची गोळी बघून डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आणि तुमचं हिमोग्लोबिन बाजूला ठेवू नका, गोळी लिहून दिली असेल तर घ्या. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, तासभर जाऊ दे, चहानं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्यांची चिठ्ठी काढून बघितली, गोळी टेल्मिसार्टनच आहे. मीठ मी पिशवीत टाकून आणणारच होते, अंगावर काटा आला.

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते. भाजीचं असं बसवलं: बुधवारी आणि रविवारी मंडईतून मेथी, चाकवत, पोकळा, जी स्वस्त असेल ती आणते. रात्री टीव्हीसमोर आत्या आणि मामा निवडतात, निवडायला बसल्यावर त्यांच्या गप्पाही होतात. डाळीत एक जुडी जातेच, त्यामुळे वेगळा वेळ लागत नाही. काकडी, मुळा, गाजर चिरून ताटात आधी वाढते, भाकरी नंतर. दोन किलो काही होत नाही, पण सव्वा किलोवर आलो. तेलाचा डबा मी पाच किलोचा केला आणि ठरवलं की महिनाअखेरीआधी दुसरा आणायचा नाही. तळण आता फक्त रविवारी. ह्यांचा चहा एका चमच्यावर आला, गूळ पोळीपुरता ठेवलाय.

काल दुपारी आत्यांनी ताट घेतलं, मेथीच्या कोरड्यासात भाकरी कुस्करली, आणि काही न विचारता जेवायला लागल्या. मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते.

माणदेशी दादा, एक राहिलं. आमच्या आत्या माडग्यात गूळ घालतात. मामांसाठी बिनगुळाचं करायचं तर हुलगे भाजून दळायचे की मोड आणून? आणि ताक घालून ते फाटत नाही ना?