मे महिन्यात अकोल्यात रिसेप्शन: भावाच्या सुटासाठी कोणतं कापड घ्यावं? (मदत हवी आहे)

वऱ्हाडची लेक

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचं लग्न मे महिन्याच्या मध्यावर अकोल्यात आहे. लग्नात धोतर-उपरणं ठरलंय, त्यामुळे तिकडची काळजी नाही. संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन आहे आणि तिथे त्याला सूट घालायचाय. आयुष्यातला पहिलाच. अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसा पारा ४४ च्या पुढे जातो आणि रात्री आठलाही जमीन तापलेलीच असते. त्यात स्टेजवरचे लाइट आणि आहेर-फोटो संपेपर्यंत उभं राहणं. भाऊ अंगाने भरलेला आहे, घामही खूप येतो. रेडिमेड कोट खांद्यात बसला की पोटावर अडतो, म्हणून शिवूनच घेणार आहोत.

कापड आणि शिलाई धरून २५ हजारांपर्यंत खर्च करू. पण सूट एका रात्रीपुरता नको. भाऊ पुण्यात बँकेत आहे, तिथे मीटिंगला वर्षानुवर्षं घालता यावा अशी माझी फार इच्छा आहे. त्यामुळे चमचमणारं, जरीची झाक असलेलं कापड घरातून आधीच बाद केलंय.

दुकानात तीन प्रकार दाखवले. भिलवाड्याचं टेरी-रेयॉन (पॉलिएस्टर-रेयॉन मिश्रण) सगळ्यात स्वस्त. त्यावर टेरीवूल (पॉलिएस्टर-लोकर मिश्रण). आणि सगळ्यात महाग म्हणजे काठावर ‘सुपर १२०’ विणलेलं शुद्ध लोकरीचं. दुकानदाराने टेरी-रेयॉन आणि लोकरीचे ताके शेजारी उलगडले. मी दोन्ही मुठीत चुरगाळून पाहिले. लोकरीचं कापड सोडल्याबरोबर सरळ झालं, टेरी-रेयॉनवर सळ तसेच राहिले. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर लोकरीच्या विणीतून बारीक उजेड दिसत होता, दुसऱ्यातून जवळजवळ नाहीच. माझं मन तिथेच लोकरीवर बसलं.

पण बाबा आणि काका ऐकायला तयार नाहीत. ‘मे महिन्यात लोकर? पोराला उकडून काढायचंय का?’ असं त्यांचं म्हणणं. आत्याचे यजमान लिनन घ्या म्हणतात. दुकानदार सुपर १५० कडे ओढतोय, म्हणे नंबर जितका मोठा तितका सूट थंड. हे खरं आहे का? आणि रंग कुठला घ्यावा? वहिनीचा शालू वांगी रंगाचा आहे.

कृपया अनुभवी लोकांनी सांगा. कापड या आठवड्यात घ्यायलाच हवं, टेलर त्यानंतर तारखा देणार नाही.

---

काजबटण

ताई, आमचं नागपूरला टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमचं मन बरोबर जागी बसलंय.

लोकर म्हटली की घरच्यांना स्वेटर आठवतो. सुटाची लोकर वेगळी. लांब तंतू विंचरून, पीळ देऊन केलेलं गुळगुळीत सूत असतं ते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषतो, तरी हाताला ओला लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही शोषत नाही, घाम अंगावरच राहतो. टेरीवूलमध्ये पॉलिएस्टर निम्म्याहून जास्त असेल, तर उन्हाळ्यात ते टेरी-रेयॉनपेक्षा फार सुखाचं होत नाही. काठावर टक्केवारी नसेल तर उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

आता नंबर. ‘सुपर’चा आकडा फक्त तंतू किती बारीक ते सांगतो. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १५० म्हणजे १६.२५. थंड-गरम याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट मोठ्या नंबरचं कापड नाजूक असतं, लवकर चुरगळतं, मांडीशी लवकर झिजतं. भाऊ भरलेल्या अंगाचा आहे आणि सूट ऑफिसला वापरायचाय, तेव्हा सुपर १०० किंवा ११० वर थांबा. वाचलेले पैसे शिलाईत घाला.

विचारायचं ते वजन. १५० सेंमी पन्हा असेल तर मीटरला २२० ते २६० ग्रॅम हवं. कुणी जीएसएममध्ये (चौरस मीटरला ग्रॅम) सांगितलं तर साधारण १५० ते १७५. हे दोन आकडे दुकानात सर्रास मिसळतात, म्हणून कुठला ते विचारूनच घ्या. वीण साधी हवी, तिरकस ट्विल नको. साध्या विणीतून हवा खेळते, तुम्ही उजेड पाहिलात तो हाच.

आणि अस्तर! एवढी लोकर घेऊन आत पॉलिएस्टरचं अस्तर लावलं की सगळं वाया. व्हिस्कोसचं, म्हणजे रेयॉनचं, अस्तर मागा. पाठीला फक्त वरच्या भागात, बाह्यांना पूर्ण, म्हणजे हात सरकतो. पँटला समोरून गुडघ्यापर्यंत, नाहीतर मांडीला टोचेल. छातीला फ्यूजिंगऐवजी (आतून गरम इस्त्रीने चिकटवलेलं कापड) हाफ कॅनव्हास (कोटाच्या वरच्या अर्ध्या भागात टाक्यांनी जोडलेलं जाड कापड) जमला तर उत्तम. स्वस्त फ्यूजिंग ड्रायक्लीनला सुटतं आणि कोटावर फुगे येतात.

---

पर्वतीचा पायथा

लिनन अंगाला थंड, यात वाद नाही. पण गाडीतून उतरेपर्यंत गुडघ्यामागे आणि कोपरात घड्या पडलेल्या असतात. दिवसाच्या लग्नाला ते शोभतं, स्टेजवरच्या फोटोंना नाही. बँकेत तर नाहीच.

रंगाबद्दल: अगदी गडद नेव्ही रात्री लाइटखाली काळा दिसतो. एक छटा उजळ निळा घ्या, वांगी शालूशेजारी छान उठेल. बारीक चौकटी मात्र टाळा, व्हिडिओत त्यावर लाटा हलताना दिसतात.

---

वऱ्हाडची लेक

दोघांचे मनापासून आभार. काजबटण दादा, धागा जाळून दाखवायची युक्ती बाबांवर नक्की लागू पडेल, त्यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. भावाची उंची ५ फूट ११ इंच आहे, कोट-पँटला किती कापड घेऊ? आणि ट्रायल कधी ठेवू?

---

काजबटण

अंगाने भरलेला आहे, तर मोठ्या पन्ह्याचं सव्वातीन मीटर तरी घ्या. कापायच्या आधी टेलरकडून वाफ मारून घ्या, आटायचं ते आधी आटू दे. पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवरच मागा, बाह्या पक्क्या झाल्यावर खांदा दुरुस्त करणं अवघड जातं. दुसरी लग्नाच्या दोन आठवडे आधी, आणि त्या दिवशी रिसेप्शनला घालणार तेच बूट पायात असू द्या. पँटची लांबी त्यावरच ठरते.