स्पर्धक बाहेर पडत असताना आपण टिकून राहावे का? सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ता:
कारखान्यांतील जुन्या यंत्रांसाठी कंट्रोल कार्डे (यंत्र नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बनवण्याचा आमचा छोटा उद्योग आहे. आमच्या चार स्पर्धकांपैकी तिघांनी दोन वर्षांत हे काम बंद केले आणि त्यांचे ग्राहक आमच्याकडे आल्यामुळे, एकूण मागणी घटत असूनही, आमची विक्री वाढली आहे. या वाढीच्या भरवशावर नवी यंत्रसामग्री घ्यावी, की आपणही वेळीच बाहेर पडावे?

पहिले उत्तर:
सोडून गेलेल्यांचे ग्राहक एकदाच येतात, तेव्हा ही वाढ पुढे धरून चालू नये. पण माझ्या मते ग्राहकांच्या आधी पुरवठादारांची यादी तपासावी. व्हीएचएस व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवणारे यंत्र) बनवणारी शेवटची कंपनी मानल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१५ मध्येही सुमारे साडेसात लाख व्हीसीआर विकले होते; तरीही जुलै २०१६ मध्ये तिने उत्पादन थांबवले, कारण विक्री घटत होतीच, शिवाय सुटे भाग मिळणेही कठीण झाले होते. गिऱ्हाईक दारात असताना दुकान बंद करावे लागते, ते असे.

दुसरे उत्तर:
सुटे भाग मिळेनासे झाले म्हणजे सगळे संपले, असेही नाही; मात्र पुढचा मार्ग महाग पडतो. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म (कॅमेऱ्यातून लगेच छापील फोटो देणारी फिल्म) बंद केल्यावर काही जणांनी नेदरलँड्समधील एन्शेडे येथील कारखान्याची यंत्रे विकत घेतली, परंतु मूळ रसायने मिळत नसल्यामुळे त्यांना फिल्मचे सूत्र नव्याने बसवावे लागले आणि त्यांची पहिली फिल्म २०१० मध्ये बाजारात आली. एवढा काळ विक्रीशिवाय काढण्याची ऐपत आहे का, हे आपणच ठरवावे.

प्रश्नकर्ता:
यादी तपासली. एक चिप एकाच कंपनीकडून येते. तिचा साठा करून ठेवावा का?

पहिले उत्तर:
उत्पादन थांबवण्यापूर्वी शेवटची मागणी नोंदवण्याची मुदत मिळेल का, हे त्या कंपनीला लेखी विचारावे. चिपा कोरड्या, बंद वेष्टनात बरीच वर्षे टिकतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (कार्डावरचे वीज साठवणारे भाग) मात्र नुसते पडून राहिले तरी खराब होऊ शकतात. त्यामुळे सरसकट साठा करू नये. साठ्यात अडकणाऱ्या पैशाचा भार किमतीत धरावा. एखाद्या कार्डासाठी तुमच्याशिवाय दुसरा विक्रेताच उरला नसेल, तर किंमत वाढवण्याचा संकोच कशाला?

प्रश्नकर्ता:
त्या कंपनीला आजच पत्र पाठवत आहे. उत्तर येईपर्यंत नव्या यंत्रसामग्रीची खरेदी थांबवली आहे.