व्हॅनची पेटी भरली, वेरूळला आहे, लवकर सांगा

प्रमोद, सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, वेरूळला पोचलो. मागच्या संडासाची पेटी भरली, लाल खूण वर आलीये. पेटीत टाकायचं वास मारणारं निळं औषध परळीलाच संपलं. आता ही रिकामी कुठं करायची? तिकडं परदेशात डंप स्टेशनला, म्हणजे गाडीतले संडास रिकामे करायच्या जागी, गाडी लावली की पाच मिनिटांचं काम. इथं पंपावर विचारलं तर पोरगं म्हणतंय, "काका, गाडीत संडास? कामून?" हिचं म्हणणं हॉटेल घेऊ. हॉटेलच घ्यायचं होतं तर आपण पाच घरांनी मिळून जुनी ट्रॅव्हलर घेतली कशाला? फोन १२ टक्क्यांवर आहे.

सुधाकर, सोमवार, रात्री १०:०५

नाल्यात ओतू नकोस, एवढं आधी ऐक. मागच्या खेपेला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. अंबाजोगाईला आमच्या भावाच्या शेतात शोषखड्डा आहे, तिथं नेऊन ओत. त्याला मी फोन करतो.

अनुराधा, सोमवार, रात्री १०:३०

सुधाकरकाका, वेरूळहून अंबाजोगाईला एक पेटी ओतायला? डिझेल कोण भरणार? आणि शोषखड्ड्यात ते औषध जाऊ द्यायचं नाही हे मी मागच्याच वर्षी लिहिलं होतं. फॉर्मल्डिहाइडनं वास मरतो, पण जंतूही मरतात, आणि टाकीतला मैला कुजवतात ते जंतूच. दोन महिन्यांनी वास सुटला तो आमच्या वहिनींच्या न्हाणीला. त्या अजून टोमणे मारतात.

मी ती पेटी बसवायच्याच विरोधात होते. लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, लघवी वेगळ्या कॅनमध्ये, वर मूठभर भुसा टाकायचा. भुसा फुकट मिळतो. औषधाची बाटली तिकडून बॅगेत आणायची, तिचं वजन कोणी मोजलंय का?

हेमंत (खजिनदार), मंगळवार, सकाळी ६:१५

पेटी राहू द्या. मला हे सांगा, जानेवारीच्या थंडीत डिझेलचं बिल एवढं कसं? नांदेडच्या मुक्कामात कोणीतरी लॅपटॉप चार्ज करायला रात्रभर इंजिन चालू ठेवलं होतं. नुसतं उभं राहून तासाला लिटरभर जातं. छतावर सोलर पॅनल आहे, त्याच्यावर धूळ किती बसलीये ते एकदा शिडी लावून बघा. फडक्यानं पुसलं की दोन लॅपटॉप सहज चालतात, मी स्वतः बघितलंय. आणि नांदेडला गाडीत स्वयंपाक कशाला केला? सचखंड गुरुद्वारात लंगर आहे. जेवा, सेवा करा, भांडी घासा.

रेखाकाकू, मंगळवार, सकाळी ७:०२

हेमंत, लंगर म्हणजे पैसे वाचवायची जागा नाही रे बाबा. आम्ही दोघं जेवलो आणि दानपेटीत टाकून आलो.

प्रमोद, आज मंगळवार आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. म्हणजे तू काल अजिंठ्याला जाऊन बंद दार बघून आलास, आता वेरूळलाही तेच. उलटं केलं असतंस तर दोन्ही बघून झाली असती. जाऊ दे, आज घृष्णेश्वर कर, खुलताबादला भद्रा मारुती कर. उद्या तिकिटाला ओसीआय कार्ड दाखव, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं असतं ते. नुसता पासपोर्ट पुढं केलास की परदेशी धरून माणशी ६०० घेतात, कार्डावर आपल्या लोकांसारखे ४०. आमच्या वेळी खिडकीवरचा मानत नव्हता, यांनी फोनमध्ये सरकारी अधिसूचना दाखवली तेव्हा मानला. तीही जवळ ठेव. १५ वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही.

सुधाकर, मंगळवार, सकाळी ८:२०

रेखावहिनी, यादीत लोणार पण घाला. आपल्या मराठवाड्याची शान आहे.

अनुराधा, मंगळवार, सकाळी ८:२४

लोणार बुलढाण्यात आहे. विदर्भ. दरवर्षी सांगावं लागतं.

सुधाकर, मंगळवार, सकाळी ८:३१

जालन्याहून जवळ पडतं, मला एवढंच म्हणायचं होतं.

अनिकेत, मंगळवार, सकाळी ९:१०

अजिंठ्याच्या फर्दापूर फाट्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. अजिंठ्याला व्हॅन वरपर्यंत नेता येत नाही, फाट्यावर लावायची आणि पुढं चार किलोमीटर बसनं जायचं. चहाचं सामान गाडीतच राहतं, आणि वर तेच विकत प्यावं लागतं. थर्मास घ्या. गॅसचं पण, पाच किलोचा छोटू सिलिंडर पंपावर ओळखपत्रावर मिळतो, मोठ्याच्या भानगडीत पडू नका. हुरडा कुठं चालू आहे ते कोणी सांगेल का?

हेमंत, मंगळवार, सकाळी ९:४५

प्रमोदनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की औषध परळीलाच संपलं. वाचायचं कोणी नाही. म्हणजे आता पेटीत औषध नाही, कोणत्याही सेप्टिक टँकला चालेल. प्रमोद, बरोबर ना?

प्रमोद, मंगळवार, दुपारी १:३०

बरोबर. परळीला पेटी धुतली, तेव्हापासून नुसतं पाणी. सकाळी संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन केला, तो म्हणाला अख्ख्या खेपेचे पैसे द्या, पेटीभर असो नाहीतर टाकीभर. मग देवळाजवळच्या एका लॉजवाल्याला सरळ सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "मागच्या बाजूला झाकण उघडतो, पण गिऱ्हाईक जेवायला बसायच्या आत उरका." नाकाला पंचा बांधून, दोन्ही हातांनी धरून, पायरी पायरीनं नेली. दोन बादल्या पाणी मारलं. त्यानं २०० घेतले आणि वर चहा पाजला. हिनं मात्र तिथंच खोली बुक केली, ते मी वेगळं लिहीन.

हेमंत, हे २०० कशात धरायचे? पावती नाही.

हेमंत, मंगळवार, दुपारी १:३८

पावतीशिवाय नाही. आणि खोलीचे तुझे तू.