शिक्षा कडक हवी की माणूस सुधारायला हवा? (स्वतंत्रपूरहून आल्यावर)

करगणीकर
परवा मामाकडे आटपाडीला गेलो होतो, येताना स्वतंत्रपूरला थांबलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली इथं कैद्यांची बिनभिंतीची वसाहत काढली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची, त्यांना लोक भारतानंद म्हणायचे. खुनाची शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह राहून शेती करायची. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा यावरूनच निघाला, नि लिहिला गदिमांनी, म्हणजे शेजारच्या शेटफळ्याच्या माणसानं.

रस्ता चुकलो म्हणून ज्वारीला दारं धरणाऱ्या, म्हणजे पाणी पाजणाऱ्या एकाला विचारलं. त्यानं फावडं बांधाला टेकवलं, रस्ता सांगितला, नि मी "इथलेच का?" विचारल्यावर म्हणाला, "इथलाच, पण बंदी आहे." बंदी म्हणजे कैदी. मला पुढं काय बोलावं सुचेना.

माझं म्हणणं साधं आहे. कोठडी हीच शिक्षा. आत त्याचे आणखी हाल केल्यानं आपल्याला काय मिळतं? सुटल्यावर तो आपल्याच शेजारी राहायला येणार.

सडेतोड_सातारा
सिनेमा पाहून डोळे पुसायला कुणाला आवडत नाही हो. पण खुल्या कारागृहात पाठवतात कुणाला? वर्षानुवर्षं वर्तणूक चांगली असलेले, निवडून काढलेले. चाळलेलं पीठ हातात घेऊन "बघा, दळण किती मऊ" म्हणण्यातला प्रकार आहे हा. कोंड्याचं काय करणार ते सांगा.

मुंबईतलं शक्ती मिलचं सामूहिक बलात्काराचं प्रकरण आठवा. गुन्हा २०१३ चा. २०१४ ला तिघांना फाशी सुनावली, २०२१ ला उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. पण त्याच निकालात पॅरोल नाही, फर्लो (कैद्याची ठरावीक रजा) नाही, यांच्या सुधारणेला वाव नाही, असंही कोर्टानंच लिहिलं. आता कोर्टाला पण दारं धरायला पाठवणार का?

ओस्लोकर
इथं नॉर्वेत जास्तीत जास्त शिक्षा साधारण २१ वर्षं. २०१० साली हाल्डेनला तुरुंग बांधला, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, खिडकीला गज नाहीत. सुरुवातीला मीही डोक्याला हात लावला होता. पण ७७ माणसं मारणाऱ्यालाही २१ वर्षंच दिली, फक्त धोका संपला नसेल तर मुदत वाढवत राहायची सोय ठेवून. मऊ दिसतं, तितकं मऊ नाही.

सडेतोड_सातारा
नॉर्वेची अख्खी लोकसंख्या आमच्या पुणे जिल्ह्याहून कमी. पुढे बोला.

तालुका_कोर्ट
दोघांचंही भांडण पक्क्या कैद्यांवरून चाललंय. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे शंभरातले जवळपास ७६ जण असे, ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही. "कडक करा" म्हणताना तुम्ही कडक कुणाला करताय हे बघा.

माझाच एक पक्षकार सांगतो. मोटारसायकल चोरीचा आरोप, पंधरा हजारांचा जामीन मंजूर. हमीदार मिळेना. भाऊ ऊसतोडीला, बापाच्या नावावर सातबारा नाही. जामीन होऊनही पोरगा पाच महिने आत. नंतर त्या केसमध्ये सुटला. सुधारणा कसली करणार त्याची? काय बिघडलं होतं?

कायदा आहे, नाही असं नाही. पहिलाच गुन्हा असेल नि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं सोडायचं (जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून). २०२३ पासून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैसे देणारी केंद्राची योजनाही आहे. पण अर्ज कुणीतरी करावा लागतो, नि ज्याला कुणीतरी आहे तो आत राहतच नाही.

दोन_नंबर_सर्कल
खात्यातून निवृत्त, म्हणून तोंड उघडतो. जेलचं नाव विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं आत मजा चालते. एका बॅरेकीत जागेच्या दुप्पट माणूस असलं की रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं. जागा कोण वाटतो? शिपाई नाही. ज्याची टोळी मोठी तो. नवा पोरगा आला, घरून मनीऑर्डर नाही, कॅन्टीनला पैसे नाहीत, की याला साबण-बिस्कीट कोण देतं? तोच. मग सुटल्यावर "भाईला चिठ्ठी पोचव." पाकीटमार म्हणून आलेला तिसऱ्या खेपेला हाफ मर्डरमध्ये येताना मी पाहिलाय. कडक करा म्हणता, करा. पण गर्दीत कडक होतो तो शिपाई नाही, भाई होतो.

सुधारणेच्या नावानं येणाऱ्या भाषणांनाही काही अर्थ नाही, तेही सांगतो. व्याख्याता येतो, कैदी टाळ्या वाजवतात, फोटो होतो. त्यापेक्षा सुतारकाम, हातमाग, बेकरीवर जो खरंच बसला त्याच्यात फरक दिसायचा. आणि गळाभेटीच्या दिवशी, पोरं येऊन मिठी मारून गेली की बॅरेकीत रात्री कुणी शिवी देत नसे. एवढंच बघितलंय.

सडेतोड_सातारा
काका, तुमचं पटलं, गर्दीचं. पण एक खटकतं ते बोलतोच. २०२२ पासून येरवड्यात कैद्यांना राज्य सहकारी बँकेचं ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, योजनेचं नाव "जिव्हाळा". ज्याचा माणूस गेला त्या घराला कुणी जिव्हाळा दाखवला?

तालुका_कोर्ट
ते कर्ज त्याच्या आतल्या मजुरीतून फिटतं आणि बहुतेक वेळा घरी पोराच्या फीला किंवा आमच्यासारख्या वकिलाला जातं. फुकट नाही. पण तुमच्या प्रश्नातली बोच खरी आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की मजुरीतला काही भाग बळींच्या कुटुंबांना द्यावा. माझ्या वकिलीत असा चेक हातात घेतलेला माणूस मला भेटलेला नाही.

नाव_नको
वाचत होते, लिहायचं नव्हतं. माझ्या थोरल्या भावाला बांधाच्या वादातून मारलं. ज्यानं मारलं तो आमच्याच भावकीतला, जन्मठेप झाली. गेल्या वर्षी गावात लग्न होतं. आई पंगतीला बसली होती. वाढणारा पुढं आला, तिनं मान वर केली, तर तोच. हातात बुंदीचं ताट. फर्लोवर आला होता. आई ताटावरून उठली ती तीन दिवस जेवली नाही.

चौकशीच्या कागदावर गावाची हरकत नाही असं लिहिलं होतं म्हणे. आमच्या घरी कुणी आलं नव्हतं.

करगणीकर
ताई, मी धागा काढताना ह्या बाजूनं विचारच केला नव्हता, कबूल करतो. मला वाटलं भांडण सरकार आणि कैदी यांच्यात आहे. तरी एक विचारतो, रागावू नका. त्याला रजाच मिळू नये असं तुम्हाला वाटतं का?

सडेतोड_सातारा
हा काय प्रश्न झाला?

नाव_नको
विचारू देत, दादा. नाही, तसं नाही वाटत. त्याची पोरगी माझ्या पोरीच्या वर्गात आहे. बाप आल्यावर दोन वेण्या घालून शाळेत आली होती, एरवी केस तसेच असतात. मी कुणाच्या सुधारण्यावर काय बोलणार? त्याचे हाल व्हावेत असं पहिली दोन वर्षं वाटायचं, आता तेवढी ताकदही नाही. मला फक्त तो यायच्या आधी कळायला हवं. दोन दिवस आधी फोन आला तर मी आईला मावशीकडे नेऊन ठेवीन.

दोन_नंबर_सर्कल
आमच्याकडून सुटताना पोलीस ठाण्याला कळवायचे. ठाण्यानं पुढं तुम्हाला कळवायचं, हे मात्र कुणाच्याच टेबलावर नसायचं. पोरी, चूक आमच्या बाजूची आहे.

तालुका_कोर्ट
ताई, ठाण्यात लेखी अर्ज द्या: सदर बंद्याच्या रजेबाबत आमचा जबाब घ्यावा व सुटकेपूर्वी कळवावे. एक प्रत कारागृह अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं. तोंडी सांगू नका, पोच घ्या.

नाव_नको
आज देऊन आले. पोच मिळाली. शिक्का उमटलाय, सही वाचता येत नाही.