कास सुजली नाही, तरी दगडी असू शकते
‘दुधात गाठी नाहीत, कास सुजलेली नाही, मग मेंढीला दगडी कसली?’ असं काहीजण विचारतात. (दगडी म्हणजे कासदाह, कासेचा आजार.) तिथंच तर फसगत होते! छुप्या कासदाहात दूध दिसायला झकास असतं. आत मात्र पांढऱ्या पेशी वाढतात, लॅक्टोज (दुधातली साखर) घटतं, चव किंचित खारट होते. प्लाझ्मिन नावाचं विकर (एन्झाइम) केसीन हे दुधातलं प्रथिन तोडतं, म्हणून रेनेट (चीजसाठी दूध जमवणारं विरजण) घालूनही दूध उशिरा जमतं, सैल राहतं आणि चीज कमी उतरतं. स्पेनमधले मांचेगोवाले (मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज करणारे) दुधातल्या पेशींचा आकडा बघतात तो यासाठीच. (आपल्या दख्खनी मेंढीचं दूध बहुतेक कोकरंच पितात, तिथे कोकरू वाढेना, तर आधी कास चाचपा.) दोन्ही सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत काढून सीएमटीचं (कासदाह ओळखायच्या ‘कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट’चं) द्रावण घाला. एकच वाटी शेंबडासारखी चिकट झाली, तर दुखणं त्याच बाजूला.