विषय: दिवाळी स्नेहभोजन आणि ग्लुटेनमुक्त आहार

सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीला यंदा सीलिअ‍ॅक आजाराचे (यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) निदान झाले असून, ग्लुटेन हे प्रथिन असलेली गहू, जव आणि राय ही धान्ये तिला आता कायमची वर्ज्य आहेत. घरी तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांवर आमचे उत्तम भागते. परंतु मंडळाचे दिवाळी स्नेहभोजन लेस्टरच्या ज्या भारतीय रेस्टॉरंटात ठरले आहे, तिथे तिने जेवावे की घरचा डबा न्यावा, हे ठरत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
एक पालक

---

ताई, नमस्कार.

मी स्वतः हे पथ्य बरीच वर्षे पाळते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. "यात गहू आहे का?" असे विचारले, तर वाढणारा प्रामाणिकपणेच "नाही" म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर नान आणि रोटी असते, फोडणीतला हिंग नसतो. डबीतल्या तयार हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि तोच सांबारात, वरणात, बटाट्याच्या भाजीत पडतो. (तांदळाच्या पिठाचा हिंगही इथे मिळतो.) म्हणून पदार्थाचे नाव घेऊन न थांबता तो कसा करतात हे विचारावे: हिंग कोणता वापरतात, साध्या डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा घालतात का, आणि रवा डोशाचाच तवा त्यालाही वापरतात का. निव्वळ बेसनाची भजी आपल्याला चालतात, पण समोसे तळलेल्या तेलातली चालत नाहीत, कारण तळणीच्या उष्णतेने ग्लुटेन नाहीसे होत नाही. नान लावलेल्या तंदुरातल्या चिकनविषयीही मी हीच काळजी घेते. इंडो-चायनीज पदार्थ तर टाळलेलेच बरे, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

इथला, म्हणजे ब्रिटनचा, कायदा आपल्या बाजूने आहे. डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांना १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये येतात. मेनूवर "ग्लुटेनमुक्त" छापायचे, तर त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. मात्र "ग्लुटेनयुक्त घटक वापरलेले नाहीत" एवढेच लिहिले असेल, तर शेजारच्या पिठाचा कण पडला नसल्याची हमी त्यातून मिळत नाही.

फोन दुपारी, गर्दी नसताना करावा आणि आचाऱ्यांशीच बोलावे. खोदून विचारण्याचा संकोच कृपया बाळगू नका, कारण त्रास जाणवला नाही तरी लहान आतड्याला इजा होऊ शकते. उत्तरे मोघम मिळाली, तर डबाच न्यावा.

आपली,
एक सभासद

---

नमस्कार.

कार्यकारिणीच्या वतीने कळवतो की वरील सर्व प्रश्न आम्हीच रेस्टॉरंटला विचारू आणि मिळालेली उत्तरे ताईंना जशीच्या तशी कळवू. बुफेत पुरीच्या ताटातला चमचा भाजीत जातोच. म्हणून मुलीचे ताट रांग सुरू होण्यापूर्वी थेट स्वयंपाकघरातून, वेगळ्या भांड्यांतून वाढून आणण्याची विनंती करू. गुलाबजामात मैदा असतो, तेव्हा सर्वांसाठीच श्रीखंड ठेवण्याचा विचार आहे. आणखी कोणाला असे पथ्य असल्यास त्यांनी या आठवड्यात कळवावे.

आपला,
भोजन समितीचा कार्यकर्ता