मदत हवी आहे: ‘टेक्सास फ्लड’सोबत वाजवताना सूरच जुळत नाही

मंडळी, गिटारवाल्यांनी जरा मार्ग दाखवा.

अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा ‘टेक्सास फ्लड’ हा अल्बम (१९८३) दोन महिने डोक्यात बसलाय. त्यातलं ‘प्राइड अँड जॉय’ बसवायला घेतलं. टॅबमध्ये (गिटारची लिपी) पट्टी ‘ई’, म्हणजे पांढरी तीन, लिहिलीय. पण रेकॉर्डसोबत वाजवलं की दोन भजनी मंडळं शेजारीशेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. लहानपणी पेटी शिकलोय, ती काढून पाहिली. माझी गिटार पांढरी तीनला, रेकॉर्ड काळी दोनला! आधी वाटलं, यूट्यूबवर कुणीतरी गाणं हळू करून टाकलंय. मेव्हण्याकडून सीडी आणली, तीही काळी दोनच. अल्बमच्याच नावाचं ‘टेक्सास फ्लड’ हे गाणं टॅबमध्ये ‘जी’ (पांढरी पाच), ऐकायला काळी तीन. कॅपोने (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) पट्टी चढते, उतरत नाही, हे कॅपो लावल्यावर लक्षात आलं. असो.

दुसरी भानगड. दुकानदार म्हणाला, तसा भरीव आवाज हवा तर वॉनसारख्या १३ नंबरच्या जाड तारा टाका. टाकल्या. गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या (स्ट्रॅट) धाटणीची, ट्रेमोलोवाली, म्हणजे ब्रिज दांडीने हलणारा. आता ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) मागून उचलला गेलाय, एक तार लावावी तर बाकीच्या पाच उतरतात. बेंड करायला (तार ओढून सूर चढवायला) जावं तर तार जागची हलत नाही, बोट मात्र सोलतं.

वॉन गिटार उतरवून लावायचा का? आणि १३ ठेवू की मुकाट्याने बारीक ९ वर येऊ?

प्रतिसाद १
कान बरोबर आहेत तुमचे. सहाही तारा तो अर्धा सूर उतरवून लावायचा: ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट. टॅबवाले बोटांची जागा लिहितात, ऐकू येणारा सूर नाही. आधी तारा उतरवा. अर्धा सूर उतरला की १३ ची तार साधारण १२ च्या ताणावर येते, ब्रिजही थोडा खाली बसेल. तरी वर राहिला तर मागचं झाकण काढा. आत बहुधा तीन स्प्रिंगा असतील, जागा पाचांची असते. एक वाढवा आणि पुन्हा सूर लावा.

प्रतिसाद २
१३ चा हट्ट सोडा हो. बोटं सोलली की तो सुपरग्लू लावून वाजवायचा. आपल्याला सोमवारी ऑफिसात टाइप करायचंय. १० टाका.

आणि खरी गंमत उजव्या हातात आहे. ‘प्राइड अँड जॉय’मध्ये मात्रेवर जाड तारेचा सूर, हात खाली जाताना. दोन मात्रांच्या मध्ये हात वर येताना मोकळ्या बारीक तारा, आणि लगेच डाव्या हाताने त्यांचा आवाज बंद. पेटी शिकलात ना? तिश्र अंगाचा केरवा मनात धरा, मात्रेच्या तीन भागांतला मधला भाग सोडून द्या. १९८२ च्या नोव्हेंबरात गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ तीन दिवस फुकट दिला, तिथे वॉन, बेसवादक टॉमी शॅनन आणि ड्रमर ख्रिस लेटन या तिघांनी हे जवळपास मैफलीसारखं वाजवलंय. मेट्रोनोम बाजूला ठेवा, लेटनच्या ड्रमसोबतच सराव करा.

मूळ प्रश्नकर्ता
उतरवली! पांढरी-काळीचं भांडण मिटलं. ब्रिज अजून जरा वर आहे, पण झाकणाच्या एका स्क्रूचं डोकं झिजलंय, निघतच नाही. स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हरच्या मध्ये रबरबँड ठेवून फिरवला तर चालेल का?